पणजीच्या हनुवटीवरचं गोंदण

बाळांनो, तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं चित्र पाठवते आहे. त्यांच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा कागदावर चिकटवून वर चेहरा रंगवला. समोर स्टुडिओतला फोटो होता. त्यात हनुवटीवरचं गोंदण नाही, कारण फोटोवाल्याला ते पुसायला मीच सांगितलं होतं. शिकलेल्या सुनेला तेव्हा त्याची लाज वाटायची.

रंग ओला असताना खिडकी उघडी राहिली आणि चंद्रपूरची कोळशाची धूळ नेमकी हनुवटीवर बसली. टिपायला गेले, तर करडा डाग पसरला. आठवडाभराची मेहनत वाया गेली म्हणून मी कागद फाडायला घेतला.

सासूबाईंबरोबर आरमोरीहून आलेली आपली स्वयंपाकाची मावशी धावली. "फाडून काऊन राह्यल्या बाई? आत्ता दिसल्या मोठ्या बाई! इतके दिवस मले वाटे, कोण्या साहेबाची बायको काढून राह्यल्या."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मग त्या डागातच गोंदणाचे तीन हिरवे ठिपके काढले. कडेचा करडेपणा तसाच ठेवला आहे. फोनवर मावशीचे आभार माना. तिच्यामुळे तुम्हाला पणजी होती तशी मिळते आहे.