तिसरी घंटी

गाडी सोडताना कंडक्टर दोन घंट्या देतो. आमचा तिसरीही द्यायचा. "दोन सरकारच्या, तिसरी आपल्या खुशीची." चिखली–लोणार गाडीवर मी ड्रायव्हर, तो कंडक्टर. महाराष्ट्र तेव्हा नवाच होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

उन्हाळा लागला की त्याला रंग चढायचा. प्रवाशांना गाणी म्हणायला लावायचा, स्वतःचा डबा वाटून टाकायचा. एकदा अख्खा पगार घालून गाडीतल्या बायांना बांगड्या भरवल्या. "आपण दहा गाड्या घेऊ बे, तळ्याभोवती फिरवू." एक बोलणं संपायच्या आत दुसरं सुरू. सगळे हसायचे. मीच त्याला जास्त चढवायचो.

त्याची बायको स्टँडवर आली. "भाऊजी, हे रातभर झोपत नाईत. अंगणात एकटेच बोलत फिरतात. मले भेव वाटते."

"खुशीत आहे माणूस, वयनी. खुशीले काय दवा?"

पावसाळ्यात तोच माणूस विझून जायचा. दाढी वाढलेली, नजर खिडकीबाहेर. मागितलं तरच तिकीट फाडायचा. मी इंजिन चालू ठेवून घंटीची वाट पाहायचो. "काऊन बे, झोपला का?"

वहिनी पुन्हा आल्या. "जेवत नाईत, भाऊजी. मरणाचं बोलतात."

"आळस आहे. आंग झटकायले सांगा."

आणि मी डेपोत तक्रार केली. कामचुकार आहे, माझ्या गाडीवर नको. त्याला घरी बसवलं. तिकिटांची पेटी जमा करून तो माझ्याकडे आला. वाटलं, भांडेल.

"बरोबर केलं, दादा. मले घंटीची दोरीबी जड लागते."

पोळ्याच्या आधी तो घरून निघाला. परत आलाच नाही. खूप शोधलं.

पुढे एक डॉक्टर केबिनमध्ये बसून यायचे. त्यांना सारं सांगितलं. म्हणाले, "ती खुशी आणि ते विझणं, आजार एकच. एखाद्याचा चढ असा, की दवाखान्यात ठेवावं लागतं. एखाद्याचा हलका, लोक त्याला स्वभाव म्हणतात. झोप उडाली आणि माणूस तरी थकत नाही, तिथंच ओळखायचं."

"इलाज होता?"

"आणलं असतं तर पाहिलं असतं."

वहिनींनी मला दोनदा सांगितलं होतं. हे मी घरीही कधी बोललो नाही.

नवा कंडक्टर नेमाच्या दोन घंट्या देतो. माझा पाय क्लचवरच राहतो. मग मागून कुणी म्हणतं, "घंटी झाली ना, ड्रायव्हरसाहेब. काऊन थांबले?"