वहिनींच्या हातचं

आत्याच्या तोंडी लागू नये, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण बोलणाऱ्या आत्यापेक्षा गप्प बसलेली आत्या जास्त धोक्याची, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वहिनींच्या तर मुळीच नव्हतं.

आत्या म्हणजे भावाच्या पोरांची आत्या. पोरं शिकून दूर गेली, पण हाक गल्लीनं उचलली ती कायमचीच. दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "इस्त्री तापली होती" असं सांगून ती त्याला वाटेला लावायची. दादा-वहिनी खालच्या घरात, ही वरच्या खोलीत, आणि मागच्या अंगणात मोसंबीचं झाड. लावलेलं तिनंच, आणि हट्टी म्हणाल तर तेही तिच्याचसारखं.

ते झाड एकदा धरलं की थांबायचं नावच घेत नसे. आधी शेजारीपाजारी कौतुकानं मोसंबी घ्यायचे, मग आत्याची पिशवी लांबून दिसली तरी दारं लावून घ्यायचे. खाली पडलेल्या फळांवर माशा घोंगावू लागल्या की वहिनी नाक मुरडायच्या, हा पसारा तेवढा वर घेऊन जा म्हणायच्या. आत्या न्यायची. रसाचं सरबत, फोडींचा मुरंबा, साली साखरेत मुरवून वाळवलेल्या. पिळून उरलेल्या चोथ्यानं ती नळसुद्धा घासायची. ब्लीचनं भेगाळलेल्या बोटांत रस शिरला की डोळ्यांतून टचकन पाणी यायचं, तरी बी अन् बी ती वेचून काढायची आणि रस हातानंच, हलकेच पिळायची.

लहानपणी एकदा तिनं घाईघाईत बियांसकट सगळं वाटलं होतं. सकाळी मस्त गोड लागलं, संध्याकाळी जिभेवर ठेववेना. आईनं तेव्हा सांगितलं होतं, की बी चिरडली तर मोसंबी लगेच बोलत नाही, दिवस कलला की बोलते.

तर बाटल्या आत्याच्या खोलीतून खाली उतरल्या, की त्या वहिनींच्या होऊन जायच्या. रहिवासी मंडळाच्या मेळाव्यात दरवर्षी तेच सरबत. बायका विचारायच्या, कसं हो जमतं तुम्हाला, आणि वहिनी मान वेळावून सांगायच्या की हाताला चव असावी लागते. हाताला! ज्या हातानं कधी मोसंबीचं साल काढलं नाही तो हात! आत्या मागच्या मोरीत ग्लास विसळत हे ऐकायची. आणि दादा पहिल्या रांगेत बसलेला असायचा, तोंडात मिठाची गुळणी धरून.

एवढंही तिनं गिळलं असतं. पण यंदा वहिनींनी लेबलं छापून आणली. वर त्यांचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘वहिनींच्या हातचं’. अध्यक्षीणबाईंना आवडलं तर हेच सरबत मंडळाच्या दुकानात कायमचं ठेवायचं ठरत होतं. लेबलांचा गठ्ठा आत्याच्याच हातात देत वहिनी म्हणाल्या, "तूच चिकटव बाई. तुझा हात इस्त्रीचा, सुरकुती पडायची नाही."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ती दादाकडे गेली. तिला दुकान नको होतं की फोटो नको होता. सरबत माझ्या बहिणीनं केलंय, एवढं त्यानं चार माणसांत एकदा म्हणावं, बस्स. दादानं वर्तमानपत्राचं पान उलटलं. घरातल्या घरात कशाला उगाच, म्हणाला.

बरं, म्हणाली आत्या. आणि त्या ‘बरं’नंतर ती गप्प झाली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी तिनं सरबत दोनदा केलं. एकदा नेहमीसारखं. आणि एकदा बिया, पांढरी साल, सगळं मिक्सरमध्ये घालून, दात-ओठ खात, बियांचा पार भुगा होईपर्यंत. मग साखर घालून, बारीक फडक्यातून गाळून, अगदी नितळ. वहिनी चाखल्याशिवाय बाटली पुढं जाऊ देत नसत. त्यांनी चमचाभर घेतलं, झकास म्हणाल्या. आत्यानं लेबलं चिकटवली. सुरकुती म्हणून पडू दिली नाही.

संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात ग्लास फिरले. अध्यक्षीणबाईंनी पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं काही झालं, की शेजारणीनं आपला ग्लास तसाच खाली ठेवला. मागं कुणीतरी खोकलं. कुणीतरी खिडकीबाहेर थुंकलंसुद्धा. "वहिनी, हे काय हो?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. पण खापर फोडायला त्यांना डोकं लगेच सापडलं.

"मी कुठं केलंय हे? माझ्या नणंदेनं केलंय. दरवर्षी तीच करते."

टेबलावरच्या सगळ्या बाटल्यांवर वहिनी हसत होत्या.

आत्या हात पुसत मोरीतून पुढं आली. इतक्या वर्षांत तिला असं गार वाटलं नव्हतं. "वहिनी, मागच्या खुर्च्यांना ऐकू नाही गेलं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा सांगा ना, दरवर्षी कोण करतं?"

आत्यानं सकाळीच टेबलाखाली सरकवून ठेवलेली पेटी ओढली आणि बिनलेबलाच्या बाटल्या वर मांडल्या. हे नेहमीसारखं केलेलं, बिया वेचून. अध्यक्षीणबाईंनी भीत भीत घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि ग्लास पुन्हा भरून मागितला. खुर्च्या सरकल्या, रांग लागली. वहिनी पर्स उचलून कधी निघून गेल्या, कुणी पाहिलंही नाही.

रांगेत शेवटी दादा आला. आत्यानं हातातली बाटली बाजूला ठेवली आणि लेबलाची उचलली.

"तुला हेच. त्या खोटं बोलत होत्या, पण त्या परक्या घरातून आल्या. तू माझा भाऊ होतास."

दादानं तोंड जरासुद्धा वाकडं न करता ग्लास संपवला. मग खाली मान घालून रिकामा ग्लास पुन्हा तिच्यापुढं धरला. माफी मागायची त्याची हीच तऱ्हा, हे तिला कळलं.

आत्यानं त्याच बाटलीतून तो काठोकाठ भरला.