वेळापत्रकात बसत नाही

भूगोलाच्या बाईंना शाळेत भूगोलासाठी कुणी ओळखत नसे. त्या वेळापत्रकाच्या बाई. जुने उपमुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा हे काम कुणाच्या गळ्यात मारायचं असा प्रश्न पडला, आणि त्या दिवशी बैठकीला नेमक्या याच उशिरा पोचल्या. झालं! तेव्हापासून दरवर्षी सुट्टी संपत आली की त्यांच्या घरचं जेवणाचं टेबल जेवणासाठी बंद. त्यावर मोठा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चौकटी, चौकटींत रंगीत कागदाचे कपटे. घामाच्या धारा लागल्या तरी पंखा लावायची सोय नाही. एकदा सासूबाईंनी न राहवून बटण दाबलं आणि अख्खी शुक्रवारची शाळा पलंगाखाली गेली.

"अगं, पोरं शिकतील कशीही. आम्ही इथे उकडून निघतोय त्याचं काय?" सासूबाई म्हणाल्या. नवरा ताट मांडीवर घेऊन जेवायचा आणि प्रत्येक घासाला टेबलाकडे बघायचा.

त्या वर्षी पुठ्ठा भरून झाला होता. आता हुश्श म्हणावं, तोच शिक्षकखोलीच्या दारात एक उंच, किडकिडीत मुलगी येऊन उभी राहिली. शाळेची शेवटची दोन वर्षं उरलेली, विषय निवडायचे होते.

"बाई, मला भौतिकशास्त्र आणि शिवणकाम पाहिजे."

"दोन्हीतलं एक."

"दोन्ही."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, दोन्हींची प्रात्यक्षिकं एकाच वेळी असतात. तू लॅबमध्ये असशील तेव्हा मशीनवर कोण बसणार, तुझी सावली?"

"पण एकाच वेळी का ठेवलीत?"

याचं उत्तर सोपं होतं. दोन्ही मागणारं माणूस आजवर शाळेत आलंच नव्हतं. पुस्तकी विषयवाले एका अंगाला, हातकामवाले दुसऱ्या अंगाला. मधलं कुंपण कुणी ओलांडेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"पुढे करायचंय तरी काय तुला?"

"ते नाही ठरलं अजून. पण एक सोडलं तर दुसऱ्यात लक्ष लागणार नाही माझं."

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं, आणि बाईंना राग आला तो त्याचाच. "बघते," त्या म्हणाल्या. शिक्षकांच्या भाषेत याचा अर्थ 'नाही'.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. बस चालवायचे, ड्युटीच्या कपड्यांतच उभे राहिले. "बाई, ते शिवणाचं खूळ काढा तिच्या डोक्यातून. मी बोललो की घरात भांडण. तुम्ही नुसतं सांगा, वेळापत्रकात बसत नाही."

ते गेले तशी तासाभरात आई. "भौतिकशास्त्रानं पोट भरतं का हो बाई? हातात शिवण असली की कुणाचं तोंड बघावं लागत नाही. यांना नका सांगू मी आले होते. पण तिला सांगा, वेळापत्रकात बसत नाही."

मग भौतिकशास्त्राचे सर आले. चालताना हात असे झुलायचे की मुलं त्यांना लंबक म्हणत. "माझ्या लॅबमध्ये हौशे-गवशे नकोत. बसत नाही म्हणून मोकळ्या व्हा."

शिवणवाल्या मॅडमनी जिन्यात गाठलं. "परीक्षा जवळ आली की ती तिकडेच पळणार, आणि माझं मशीन अडकून राहणार. बसत नाही म्हणा ना!"

शेवटी मुख्याध्यापक. "एका मुलीसाठी सगळं हलवायचं का आपण? बसत नाही असं तुम्ही म्हणालात, की विषय संपला."

इथे मात्र बाईंचं डोकं फिरलं. "सर, बसत नाही असं मी कधी म्हणाले? सकाळपासून जो तो येतोय आणि आपलं 'नाही' माझ्या पदरात टाकून जातोय. ज्याला नको म्हणायचंय त्यानं तिच्या तोंडावर म्हणावं!"

मुख्याध्यापक जरा दचकले. "मग... बसतं का?"

"काय माहीत! बघते."

या वेळी मात्र त्यांनी खरंच बघितलं. रविवारी पुठ्ठा पुन्हा टेबलावर आला. लॅब मंगळवारी सकाळी नेली तर वाणिज्याला खोली उरेना. वाणिज्य हलवलं तर सुतारकामाचे सर एकाच वेळी दोन ठिकाणी. एक कपटा उचलला की चार बोंबलत उठत. दुपार कलली तेव्हा एकच वाट दिसली: कुणीतरी शुक्रवारचा शेवटचा तास घ्यायचा. मुलांचे कान घंटेकडे लागलेले असतात तो तास. प्रत्येक शिक्षकाकडे कारण तयार होतं, कुणाचा गुडघा, कुणाची बस. जिचं कारण ऐकावं लागणार नव्हतं अशी शाळेत एकच व्यक्ती होती. बाईंनी भूगोलाचा कपटा तिथे आपटला. "घ्या!"

सासूबाई आतून धावत आल्या. "काय गं, काय झालं?"

"काही नाही. धोंडा मारून घेतला पायावर."

मुलीनं दोन्ही विषय घेतले. शिवणात चांगली चमकली, भौतिकशास्त्रात पहिल्या वर्षी काठावर तरली, दुसऱ्या वर्षी जरा वर आली. आपल्यासाठी कोण कुठे सरकलं हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. शुक्रवारी भूगोलाच्या तासाला ती तिसऱ्या बाकावर बसून जबडा दुखेल अशी जांभई द्यायची. बाईंच्या ओठांवर बरंच काही यायचं. त्या नकाशाकडे तोंड फिरवून गिळून टाकायच्या.

पुढच्या वर्षी पालकसभेत मुख्याध्यापक छाती फुगवून म्हणाले, "आमच्या शाळेत कोणताही विषय कोणत्याही विषयाबरोबर घेता येतो!" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बाईंना पाणी पिता पिता ठसका लागला.

सोमवारी शिक्षकखोलीबाहेर मुलामुलींची रांग. बाई रांगेकडे न बघता तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. "मला मदतीला माणूस हवं. आजच."

"कोण देऊ?"

"भौतिकशास्त्राचे सर."

सरांनी आधी लॅबचं कारण काढलं, मग पाठदुखीचं. बाईंनी पुठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला, कपट्यांचा डबा हातात दिला आणि रांगेतल्या पहिल्या मुलीची मागणी वाचून दाखवली: लेखाशास्त्र आणि वेल्डिंग. सरांनी एक कपटा उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"पण हे दोन्ही एकदम कशाला हवंय हिला?"

"तिलाच विचारा," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "दारात उभी आहे."

आणि त्या चहाला निघून गेल्या.