अध्यक्षसाहेबांना सगळ्यांचं रक्त ठाऊक आहे

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आमच्या सास्तूरच्या महानंदावर अन्याय झाला. तिची सोयरीक जमली होती आणि सुपारी फोडायचा मान गावानं अध्यक्षसाहेबांना दिला होता. साहेब जनुकांच्या संशोधनाला पाठबळ देणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर गावानं तपासणीला रक्त दिलं. मीही दिलं.

साहेब आवाज चढवत नाहीत. शेंबड्या पोरालाही 'तुम्ही' म्हणतात. बोलता बोलता तुमची आत्या कुठं दिली, मावशी कुठं, हे विचारून घेतात आणि कधीच विसरत नाहीत.

त्या दुपारी त्यांनी सुपारी उचलली, महानंदाकडं पाहिलं आणि सुपारी न फोडता ताटात ठेवली.

"आधी मुलाचंही रक्त तपासून घेऊ या की."

"मुलाचंबी?" नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला. "मंग पोरीच्या रक्तात काय निघालंय?"

"मी कुठं काय म्हणालो?" साहेब हसले.

पाहुणे चहा न घेता उठले. महानंदा ठणठणीत आहे. तिचा अहवाल तिला अजून मिळालेला नाही.

परवा तुळजापूरच्या स्टँडवर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बहिणीचं बघताय म्हणे. ठरलं की आधी मला सांगा."

"व्हय, साहेब," मी म्हणालो.

येत्या ग्रामसभेत त्यांना विचारायचंय: कुणाच्या रक्तात काय आहे, हे तुम्हाला कुणी दाखवलं? मी विचारीन, पण एकट्यानं विचारायची मला भीती वाटते. गावकऱ्यांनो, तुम्ही माझ्याबरोबर उभे राहा.