ॲम्ब्युलन्सची पट्टी

कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, कमिटीवर एकदा गेलात की किस्से शोधावे लागत नाहीत, घरात डास शिरतात तसे शिरतात. सिंगापूरला बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत मी सेक्रेटरी होते. सेक्रेटरी म्हणजे काय, तर मीटिंगला बिस्किटं आणायची आणि कोण कोणावर ओरडलं ते सभ्य इंग्रजीत लिहून काढायचं! ते सोडूनही आता बरीच वर्षं झाली. तरी आमच्या मराठी ग्रुपमध्ये कोणी नुसतं 'ॲम्ब्युलन्स' म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. मग काय, सांगावंच लागतं.

*

काडी टाकली शिरीषने. शिरीष आमचा वरच्या मजल्यावरचा शेजारी, बँकेत आयटीत मोठा साहेब. त्याचे वडील अप्पा सांगलीहून आलेले, हृदयात स्टेंट टाकलेला. त्यामुळे शिरीष रात्रंदिवस जिवाला घोर लावून बसलेला. त्याने प्रस्ताव मांडला: आपला कॉन्डो चढावर आहे, बाहेरची गाडी यायला वेळ लागेल, तर कॉन्डोची स्वतःची ॲम्ब्युलन्स हवी, गेटपाशी कायम उभी, आत नर्ससकट. खर्च? प्रत्येक फ्लॅटवर जादा पट्टी, मेंटेनन्समध्ये जोडून.

स्लाइड्स इतक्या होत्या की आमचे चेअरमन टॅन अंकल मधेच झोपले. जागे होऊन म्हणाले, "व्हेरी गुड. पेशंट ओके?"

*

आता गंमत ऐका. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते अप्पाच विरोधात!

अप्पांची सगळी नोकरी सांगलीला नगरपालिकेत, घरपट्टी वसुलीत गेली. पट्टी म्हटलं की त्यांचे कान टवकारायचे. "वैशाली," ते मला म्हणाले, "पट्टी लावणाऱ्याला एकच विचारायचं. बंद कधी करणार? तो गप्प बसला, की समजायचं कधीच नाही!"

"अहो अप्पा, पण तुमच्याचसाठी आहे ना ती?"

"सरकारी गाडी फुकट येते की इथे. माझ्यासाठी दुसऱ्याच्या खिशात हात कशाला?"

खरं कारण निराळंच होतं. ते मला एका रविवारी कळलं, आमच्याकडे पोहे खाताना.

*

अप्पा आले होते सहा महिन्यांसाठी. सून बाळंत झाली, मग स्टेंट झाला, मग "आता थंडी आहे तिकडे", मग "आता उन्हाळा आहे तिकडे". असं करत करत दोन वर्षं झाली. सांगलीला विश्रामबागेतला ब्लॉक बंद, संध्याकाळचा कट्टा तिकडे, आणि हे इथे स्विमिंग पूलकडे बघत बसलेले.

पोह्यांवर भडंग पसरता पसरता अप्पा म्हणाले, "शिरीष, मला घरी जायचंय."

"तिकडे काही झालं तर कोण बघणार, अप्पा?"

"इथे तरी कोण बघतं? तू ऑफिसात. बघतो तो फिलिपिनो गार्ड."

शिरीषचा आवाज चढला. "म्हणूनच तर ॲम्ब्युलन्स मागतोय ना!" मग दोघेही हट्टी, बापसे बेटा सवाई! शेवटी तिथेच ठरलं. प्रस्ताव पास झाला तर अप्पांनी गुमान इथे राहायचं. पडला तर शिरीष तिकीट काढणार. माझ्या नवऱ्याने, मकरंदने, साक्षीदार म्हणून आणखी एक प्लेट पोहे मागितले.

*

त्या दिवसापासून अप्पा प्रचाराला लागले. आयुष्यभर लोकांच्या सबबी ऐकलेला माणूस! आता त्याच सबबी ते कॉन्डोभर फुकट वाटत सुटले. कोणाला इंग्रजीत, कोणाला हिंदीत, कोणाला नुसत्या हातवाऱ्यांनी.

तळमजल्यावरच्या जोशींना फार शिकवावंच लागलं नाही. "आम्ही लिफ्टची पट्टी भरतो आणि लिफ्ट वापरत नाही. आता ॲम्ब्युलन्सची पण? आम्ही तळमजल्यावाले, आम्ही चालत जाऊ हॉस्पिटलला!"

शेजारच्या ब्लॉकमधल्या मिसेस लिमनी मला लिफ्टमध्ये गाठलं. ही गाडी मोकळी असेल तेव्हा एअरपोर्टला सोडेल का, बॅगांसकट? मी म्हटलं, पेशंट व्हावं लागेल. त्या म्हणाल्या, "कॅन, कॅन!"

आणि माझी लेक! शिरीषने तिच्याकडून 'व्होट येस' असं पोस्टर रंगवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर लिफ्टपाशी तिच्याच अक्षरात 'व्होट नो', खाली बदामाचं चित्र. अप्पांनी आइस्क्रीम चारलं होतं. मी म्हटलं, अगं, तू नक्की कोणाच्या बाजूने? तर इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "बोथ ऑल्सो कॅन, ला!" म्हणजे दोन्ही चालतं.

*

मग ॲम्ब्युलन्सवाल्यांनी डेमो ठेवला. पेशंट कोण होणार? अप्पांनी साफ नाही म्हटलं, "अशुभ असतं." म्हणून मकरंद बर्म्युडावर स्ट्रेचरवर आडवा झाला. त्याला उचलून खाली आणला, गाडीत घातला, सायरन वाजवला. सगळे गॅलरीतून टाळ्या वाजवतायत. आणि गेटवरचं बॅरिअर काही उघडेना!

गार्ड म्हणाला, आत आलेल्या गाडीची नोंद नाही, कुठल्या फ्लॅटकडे आली ते लिहा, मगच सोडतो. ड्रायव्हरला फ्लॅट नंबर माहीत नाही. नर्सला नाही. शेवटी पेशंट स्ट्रेचरचे पट्टे सोडून उतरला, केबिनमध्ये जाऊन सही केली आणि परत येऊन आडवा झाला.

अप्पा वरून ओरडले, "जीव वाचला रे वाचला!"

शिरीष मात्र हसला नाही. तो तिथून निमूट घरी गेला. मला तेव्हा त्याची फार दया आली. घाबरलेला माणूस होता तो, बाकी काही नाही.

*

शेवटी वार्षिक सभेचा दिवस उजाडला. पूलशेजारचा हॉल खचाखच भरलेला. आमच्या कॉन्डोत एका फ्लॅटला एक मत, आणि कागदावर ज्याचं नाव पहिलं त्याचं. शिरीषच्या फ्लॅटवर नाव पहिलं अप्पांचं, कारण सांगलीचा प्लॉट विकून त्यांनीच पैसे घातले होते! अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. जोशी, मिसेस लिम, सगळी नकारवाली फौज मागे तयार.

टॅन अंकल प्रस्ताव वाचत होते आणि अप्पांचा हात छातीवर गेला. चेहरा घामाने भिजला. शिरीष खुर्च्या ओलांडून धावला. कोणीतरी सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला. आणि ती आली की हो, बघता बघता! गार्डने बॅरिअर आधीच वर करून ठेवलं होतं, एकही प्रश्न न विचारता.

अप्पांना स्ट्रेचरवर घेतलं, तोंडावर मास्क लावला. पॅरामेडिक पोरगी म्हणाली, "पल्स ओके, अंकल. वी गो नाऊ." टॅन अंकल म्हणाले, सभा तहकूब. तर अप्पांनी मास्क वर उचलला.

"आधी मत."

"अप्पा, वेड लागलंय का तुम्हाला!" शिरीष जवळजवळ रडत होता. पण स्ट्रेचरवरचा माणूस हट्टाला पेटलेला. लवकर उरकेल म्हणून टॅन अंकलनी घाईघाईने विचारलं, बाजूने कोण?

सगळ्या हॉलचे हात वर! जोशींचा हात वर, मिसेस लिमचे तर दोन्ही. समोर ते दृश्य बघून नाही म्हणायची छाती कोणाची होणार?

"अगेन्स्ट?"

कोणी हललं नाही. मग चादरीखालून एक हात बाहेर आला. बोटाला ती ऑक्सिजनची चिमटी लावलेली. सरळ वर गेला आणि तिथेच राहिला. पॅरामेडिकने तो खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण अप्पा घेऊ देईनात.

शिरीषने तो वर गेलेला हात धरला. मग वाकून म्हणाला, "अप्पा, हात खाली घ्या. काढतो तिकीट."

अप्पांनी पुन्हा मास्क वर केला.

"खिडकीजवळचं," ते म्हणाले, आणि मगच हात खाली घेतला.