बोथा घाट, दुसऱ्या गिअरमध्ये

अपघातानंतर माझा डावा गुडघा पूर्ण वाकत नाही. क्लचची गाडी विकली, जुनी ऑटोमॅटिक घेतली. खामगावच्या शाळेत सोमवारी रुजू व्हायचं होतं, म्हणजे देऊळघाटहून रोज बोथा घाट उतरायचा. माझे वडील, आबा, आयुष्यभर याच घाटात बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी अट घातली: आधी घाट उतरून दाखव, मग नोकरीचं बोल. मला अट मान्य होती. या गाडीचा घाटात मलाही भरवसा नव्हता. रविवारी त्याच घाटानं शेगावला जायचं ठरलं.

सकाळी सातला निघालो. बुलडाण्यात पेट्रोल भरलं. जाऊन-येऊन आठ-नऊ लिटर लागतं.

"गाडीच सारं करते, मंग तू तिथं काऊन बसली?" आबा.

"तुमाले शेगावले न्याले."

बोथ्याच्या जंगलात सागाची पानं गळून गेली होती. रस्ता बरा, पण वळणांवर कडेला खडी. उतार लागला तसा मी ब्रेकवर पाय ठेवला आणि काढलाच नाही. तिसऱ्या वळणानंतर जळका वास आला.

"थांबव. ब्रेक तापले."

रुंद जागा पाहून थांबलो. आबांनी चाकाजवळ तळहात धरला, लावला नाही. मग आत वाकून गिअरचा दांडा पाहिला.

"हे अधिक-वजा काऊन आहे?"

"त्यानं गिअर आपल्याले बदलता येतो."

"मंग कोणाची वाट पाहून राह्यली होती?"

गावात कधी गरज पडली नव्हती. अर्ध्या तासानं निघालो. दांडा बाजूला घेतला. पडद्यावर डी जाऊन एम आला, म्हणजे गिअर आता माझ्या हातात. आबांचा हिशेब सोपा: ज्या गिअरनं घाट चढायचा, त्याच गिअरनं उतरायचा. खालचा गिअर पडेल म्हणून मी दांडा पुढे ढकलला. इंजिनाचा आवाज मऊ झाला आणि गाडी सुटली.

आबा डोळे मिटून इंजिन ऐकत होते. "गिअर वर गेला. दांडा मागं घे."

ब्रेक दाबून वेग कमी केला, दांडा मागे ओढला. तिसरा. दुसरा. इंजिन गुरगुरलं, गाडी धरली गेली. वेग फार असेल तर गाडी खालचा गिअर देत नाही, हे लक्षात ठेवा.

शेगावला दर्शनाला दीड तास. बाहेर गरम कचोरी, तळलेली मिरची.

"कोणी चालवून आणलं, काका?" कचोरीवाल्यानं विचारलं.

"अर्धं गाडीनं, अर्धं हिनं."

परतताना घाट चढून वर आलो. मी गाडी वळवली.

"आता काऊन?"

"पुन्हा उतरतो. तुमी बोलू नका."

आबांनी पुन्हा डोळे मिटले. सरळ भागात तिसरा, वळणाआधी दुसरा. ब्रेक टेकवायचा आणि सोडायचा. खाली पोहोचल्यावर आबा उतरले, चाकापाशी वाकले. या वेळी त्यांनी हात टेकवला आणि तिथेच ठेवला.

घरी आईनं विचारलं, "काय झालं मंग?"

"जेवाले वाढ," आबा म्हणाले.

त्या प्रवासातून माझ्याकडे इंजिनाचा आवाज राहिला. आता मी पडद्यावरचा आकडा क्वचितच पाहते. कोणता गिअर आहे ते ऐकू येतं. गुडघा तसाच आहे.

सोमवारी मी एकटी निघाले. आबा फाटकापर्यंत आले. घाटाचं नाव त्यांनी काढलं नाही.

"डबा घेतला काय?" एवढंच विचारलं.