पहिली घागर आणि लाल दवा

ज्या माणसाला आमच्या पक्षानं गावोगाव शिव्या घातल्या, त्याच्याच दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत बसून मी त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला निघालो होतो. तो लोकल बोर्डाचा चेअरमन आणि मी त्याचा लेखनिक. वर्धेच्या वरच्या अंगाला दोन गावांत हैजा, म्हणजे पटकी, लागला होता. जत्रेचं देऊळ नदीच्या काठावर, आणि जत्रेकरू वर्षानुवर्षं नदीचंच पाणी पीत आलेले. यंदा त्यांनी नदीला तोंड लावलं, तर हैजा परतीच्या गाड्यांत बसून निम्म्या वऱ्हाडात पोचणार होता. देवळाच्या दोन विहिरींत बोर्ड पाणी शुद्ध करणारी लाल दवा टाकणार होतं. लोकांना तेच पाणी प्यायला लावायचं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं.

"काम झालं समजा, पत्रकवाले," चेअरमन म्हणाले. "देवळापुढच्या विहिरीत पहाटेच दवा टाकून टाकली. लोकं यायच्या आत. बोर्डाचा इन्स्पेक्टर मोठा हुशार हाय."

मी त्यांच्याकडे वळलो. "साहेब, पहिली घागर निघाली होती का?"

"कोणाची घागर?"

आता सांगून उपयोग नव्हता. त्या देवळात पहाटेची पहिली घागर महादेवाची. ती निघाल्याशिवाय विहिरीत कोणी दोर सोडत नाही. पौर्णिमेच्या पूजेची पाळी आमच्या पुजारी घराण्याकडे, म्हणून माझे वडील दर वर्षी अमरावतीहून दोन दिवस आधी येऊन राहत. त्यांच्या घागरीआधी त्या पाण्यात काहीही पडलं, तर ती विहीर उष्टी. ही गोष्ट तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होती. बोर्डात कोणाला ठाऊक नव्हती, आणि पहाटेच दवा टाकायचा हा हुकूम निघाला तेव्हा मी अकोल्यात होतो.

अकोल्यात मला आमच्या पक्षाच्या वकिलांनी बोलावून घेतलं होतं. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत अशील बसत आणि मागच्या खोलीत छापखान्याचं यंत्र धडधडे. मी वाचायला शिकलो तो त्या यंत्राच्या कागदांवर. वडील अंगाऱ्याच्या पुड्या बांधायला रद्दी आणत, त्यात पत्रकं असत. पुडी सोडली की अंगारा आईच्या कपाळाला आणि कागद माझ्या हातात. परदेशी कापड जाळा, दारूचे गुत्ते बंद करा, सरकारची खुर्ची नको. कॉलेज सोडून मीही तशीच पत्रकं लिहू लागलो. आमचा पक्ष कौन्सिलांवर बहिष्कार घालणारा. चेअरमन खुर्ची घेणाऱ्यांतले. त्यांच्यावर मी जे पत्रक लिहिलं, ते वाचूनच त्यांनी मला बोलावलं.

"तुही भाषा लोकाईले समजते," ते म्हणाले होते. "आमच्या बोर्डाची नोटीस वाचली तं मलेच समजत नाई. माह्यासाठी लिही."

मी अट घातली. खादी सोडणार नाही, तुमची स्तुती लिहिणार नाही, आणि तुमचं काही चुकलं तर छापीन.

"छाप ना बे. पण आधी मले वाचून दाखवजो."

या अटीवर मी आठ महिने टिकलो. वकिलांना ते खुपत होतं.

"जत्रेत आपली सभा आहे," अकोल्याच्या त्या खोलीत ते मला म्हणाले. "बोर्ड विहिरी बाटवतंय, एवढं एक पानी पत्रक हवं. तू लिही. आणि पौर्णिमेला गाडीवर उभा राहून राजीनामा दे."

"हैजा आहे वकीलसाहेब. ती दवा आहे, बाटवणं नाही."

"दवा आहे हे मला नाही कळत? पण कोण टाकतंय ते बघ. हे लोक जे जे करतील, ते ते पाडायचं. तत्त्व आहे ते."

"मी राजीनामा जत्रेनंतर देईन."

"जत्रेनंतरच्या राजीनाम्याचं मी काय लोणचं घालू?" ते यंत्राकडे वळले. "तू नाही लिहिलंस तर दुसरा लिहील. मग कोणाच्या मांडीवर बसलास ते लोकांनाच विचार."

दमणी देवळापाशी थांबली, तेव्हा दुसऱ्यानं लिहिलेलं पत्रक गाड्यागाड्यांवर फिरत होतं. एक जण बैलगाडीच्या जुवावर उभा राहून मोठ्यानं वाचत होता. विहिरीचं पाणी गुलाबी दिसत होतं. काठावर माझे वडील सोवळ्यात, रिकामी घागर खांद्याला लावून उभे. ते विहिरीत दोर सोडत नव्हते आणि नदीकडेही जात नव्हते. अभिषेक थांबला होता. गाड्यांमधून बाया कळशा घेऊन नदीकडे उतरायला लागल्या होत्या.

मी चबुतऱ्यावर चढलो. बोलायला मला कधी अडचण पडली नाही. हैजा म्हणजे काय, दवा काय करते, सगळं तळमळून सांगितलं. मागून आवाज आला, "खुर्चीवाल्याचा पोपट बोलून राह्यला रे!" माणसं हसली. माझ्याच पक्षाची माणसं, ज्यांच्याबरोबर मी गुत्त्यांपुढे उभा राहून मार खाल्ला होता.

मग चेअरमन पुढे झाले. त्यांनी बादलीभर गुलाबी पाणी काढलं आणि सगळ्यांसमोर घटाघट प्याले.

"पाहा! मेलो काय?"

कळशी घेतलेली एक बाई म्हणाली, "तुमचं काय घेऊन बसले चेअरमन! तुमी तं काहीबी पेता!"

हशा इतका मोठा झाला की बैल बुजले. चेअरमन मिशा पुसत खाली उतरले. त्यांचा चेहरा पडला होता.

मी वडिलांना देवळामागे गाठलं.

"तुझ्या साहेबाला देवाची घागर माहीत नाही," ते म्हणाले. "अन् देवाच्या विहिरीत हात घालतो."

"चुकलं त्यांचं. पण बाबा, बाया नदीवर चालल्या आहेत."

"दिसतं मला. डोळे आहेत." त्यांनी घागर खांद्यावरून उतरवली. "धर्मशाळेमागची विहीर?"

"तिच्यात आता टाकतील."

"थांबव त्या इन्स्पेक्टरला. माझी घागर निघू दे. देवाचं झालं की मग काय टाकायचं ते टाका. माणसाच्या पाण्याला माझी ना नाही."

इन्स्पेक्टर बादलीत दवा कालवून तयार होता. तो म्हणाला, दवा टाकायची वेळ ठरलेली असते, घागरीसाठी थांबता येत नाही. चेअरमननी त्याच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली. "थांबता येते. महाराज, काढा."

वडिलांनी दोर सोडला. घागर वर आली तेव्हा माझ्या डोक्यात लखकन आलं. "बाबा, अभिषेकाचं पाणी तीर्थ म्हणून वाटता तुम्ही. या पाण्यात दवा नाही."

ते घागर घेऊन तसेच थांबले. ओल्या पंच्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांच्या पाळीत, त्यांच्या वडिलांच्या पाळीत, पिंडीवरचं पाणी कधी नुसतं गटारात गेलं नव्हतं.

"हे देवावर घालीन," ते शेवटी म्हणाले. "तीर्थ दुसऱ्या घागरीचं. दवा टाकल्यावरचं. पण पहिलं तीर्थ तू घ्यायचं. इथं, सगळ्यांपुढं."

त्यांना ठाऊक होतं काय मागतात ते. तीर्थप्रसाद मी कधीच सोडला होता, आणि का सोडला ते छापून वाटलंही होतं. हसणारी माझी माणसं समोरच उभी होती. दवा टाकून, थांबून, दुसरी घागर वर आली. वडिलांनी पळी पुढे केली. मी ओंजळ धरली.

"अरे वा! देव आठवला का नोकरी लागल्यावर!" जुवावरचा ओरडला.

मी प्यालो. वडील प्याले. कळशीवाली बाई जवळ आली. "कडू हाय काय रे, पोरा?"

"तुरट आहे, मावशी. आवळ्यासारखं."

तिनं हात पुढे केला. तिच्यामागून तिच्या गावच्या बाया आल्या, मग पुढच्या गाडीतल्या. सगळे नाही आले. पण विहिरीवर दोर पडायला लागले. चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि त्या क्षणी मला वाटलं, झालं.

तापलेलं डोकं निवावं म्हणून मी नदीच्या उतारावर गेलो. खाली बाभळींच्या आडोशाला आणखी गाड्या सुटल्या होत्या. गावं ज्यांना विहिरीवर चढू देत नाहीत, त्यांच्या गाड्या. चुली पेटल्या होत्या. माणसं घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून नदीतून घागरी भरत होती.

"अहो, नदीचं पिऊ नका! वर विहिरीत दवा टाकलीय," मी ओरडलो.

एका माणसानं भरलेली घागर बाजूला ठेवली. शांतपणे मला खालीवर पाहिलं. "आमाले कोणती विहीर, मालक? दवाई टाकली म्हणजे ते आमची झाली काय?"

 वकिलांच्या पत्रकात हे लोक नव्हते. बोर्डाच्या नोटिशीत नव्हते, आणि ती मी लिहिली होती.

मी वर धावत गेलो. बोर्डाचे लोखंडी पिंप धर्मशाळेच्या भिंतीला रिकामे पडले होते.

"आता नको," चेअरमन हळूच म्हणाले. "आत्ता कुठं लोकं पेऊन राह्यले. तू इथलं पाणी खाली नेलं तं हे विहीर सोडतीन. हजार जीव वाचवतो का शंभर, सांग."

"साहेब, हैजा वरच्या काठाला अन् खालच्या काठाला वेगळा नसतो."

मी वडिलांकडे गेलो. घागर मागितली. त्यांनी ती पोटाशी धरली. "एका दिवसात किती वाकवशील मला?" रागावून नाही, अगदी थकून म्हणाले.

मग मी इन्स्पेक्टरची लोखंडी बादली उचलली आणि धर्मशाळेमागच्या विहिरीतून पाणी काढून पिंपात ओतू लागलो. कोणासाठी, ते सांगावं लागलं नाही. विहिरीभोवतीची कुजबुज वाढत गेली. एक दोर वर ओढला गेला, मग दुसरा. आपल्याच हातानं मी सकाळची कमाई उधळत होतो, आणि तरी थांबायला कारण सापडत नव्हतं. पिंप भरले. पण ते हलवणार कसे? जत्रेतला एकही गाडीवाला बैल द्यायला तयार नव्हता. पक्षाच्या एका जुन्या सोबत्याला मी हाक मारली. तो हातातली पत्रकं मोजल्यासारखं करत राहिला.

"साहेब, तुमची दमणी द्या."

चेअरमन माझ्याकडे बघतच राहिले. "अन् मी घरी काय पायी जाऊ?"

"हो."

"निवडणूक हाय मले पुढच्या साली. समजते काय तुले?"

"समजतं."

आजूबाजूला सगळे ऐकत होते. ज्यांच्या मतांवर ते निवडून येत, तीच माणसं. चेअरमननी पायातला जोडा काढला, आतला खडा झटकला, पुन्हा घातला. "ने," ते म्हणाले. "बैल बिथरतात उतारावर. वेसण धरून चालजो."

पिंप खाली पोचले तोवर ऊन चढलं होतं. पाणी मघा बोललेल्या माणसानंच उतरवून घेतलं. आभार मानले नाहीत, मानायला नकोच होते. पण दोन गाड्या त्याआधीच नदीचं पाणी पिऊन वाटेला लागल्या होत्या. त्यांचं पुढं काय झालं, ते मी पुष्कळ विचारलं. कोणी सांगू शकलं नाही. वर विहीर काही गावांनी सोडली, काहींनी नाही. कळशीवाल्या बाईनं सोडली नव्हती. तिच्या गाड्या निघाल्या तेव्हा तिच्या कळशीत गुलाबी पाणी हिंदकळत होतं.

पक्षानं मला काढलं. वडिलांची पौर्णिमेची पाळी पुढच्या वर्षीपासून माझ्या चुलत्यांकडे गेली. ते माझ्याशी त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, पण अमरावतीच्या घरात महिनाभर अंगाऱ्याच्या पुड्यांसाठी रद्दी आली नाही.

मी राजीनामा लिहिला, आणि त्याच बैठकीत पत्रकही. न विचारता देवाच्या विहिरीत हात घालणाऱ्या बोर्डावर, हैज्याला मतांसारखं वापरणाऱ्या माझ्या पक्षावर, आणि ज्या पाण्यानं जीव वाचतो त्याच्या काठावर माणसाला चढू न देणाऱ्या आम्हा सगळ्यांवर. अटीप्रमाणे ते आधी चेअरमनना वाचून दाखवलं. ते ओसरीवर बसून सुपारी कातरत ऐकत होते. अडकित्ता मधेच थांबे, पुन्हा चालू होई.

वाचून झालं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"हे छापलं तं मी पडतो."

"हो साहेब."

"अकोल्याचा वकील तं छापणार नाई."

"नाही. अमरावतीत विचारीन कोणाला."

त्यांनी सुपारीची खांडं माझ्यापुढे सरकवली. "छाप. राजीनामा मात्र घेऊन जा इथून. पुढची जत्रा येऊन राह्यली, तिची नोटीस कोण लिहीन? अन् त्या नोटिशीत खालच्या काठासाठी विहीर पाहिजे, तेबी तूच लिही. बोर्डात मंजूर करून घेणं माह्यावर." मग थोडं थांबून, पडलेल्या आवाजात म्हणाले, "मी बादलीभर पेलो सगळ्यांसमोर, ते काहून नाई लिहिलं बे?"

"स्तुती लिहायची नाही, असं ठरलं होतं."

ते हसले नाहीत. मीही नाही. मी राजीनामा घडी घालून खिशात ठेवला आणि पत्रक हातात घेऊन छापखाना शोधायला बाहेर पडलो.